कोचचंही ऐका की!
अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) स्काउटचा, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याचा, शब्द अखेरचा मानावा, कोचला लांबच ठेवावं, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. पुढे महान क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) ठरलेला टॉम ब्रेडी २००० साली १९९ वा निवडला गेला. अंगकाठी किरकोळ, ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद, नुसते आकडे पाहून कोण घेणार? त्याला घेणाऱ्या पेट्रियट्स संघाचे क्वार्टरबॅक कोच डिक रेबाइन मात्र मिशिगनला जाऊन त्याला बघून आले आणि त्याचं नाव लावून धरलं. तरी संघ सहाव्या फेरीपर्यंत थांबलाच, म्हणजे फार खात्री त्यांनाही नसावी! अर्थात कोचला येत्या रविवारची मॅच जिंकायची घाई. वर्षभर कॉलेजं पालथी घालतो तो स्काउटच. तेव्हा मत दोघांचं घ्या, पण बैठकीआधी वेगवेगळं लिहून घ्या. हेड कोच आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.