पट्टीपुढचं चाक दिसतं, ट्रॉलीचा झाकलेला दिवा दिसत नाही?

आज सकाळी मोबाईलवर चलन आलं. सिग्नलला माझ्या गाडीचं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीच्या वीतभर पुढं गेलेलं. फोटो इतका स्वच्छ, की नंबरप्लेटवरचा चिखलाचा शिंतोडासुद्धा दिसतोय. चूक माझी, दंड जागेवर भरून टाकला. पण तो फोटो बघताना डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर नाही. वीतभर चाक ज्यांना दिसतं, त्यांना निम्मा रस्ता अडवून अंधारात उभी राहिलेली उसाची ट्रॉली का दिसत नाही?

दादाच्या अपघाताचं तुम्हाला माहितीये. चार वर्षं झाली. जानेवारीचा महिना, हंगाम जोरात, रात्री पावणेदहाच्या सुमाराला तो रहिमतपूरहून साताऱ्याकडं मोटारसायकलवर येत होता. ट्रॉलीचं टायर बसलेलं. मागं दोन दगड आणि बाभळीची एक फांदी ठेवलेली, एवढीच सूचना. समोरून येणाऱ्या गाडीचा फोकस डोळ्यावर आला आणि दादा सरळ ट्रॉलीतल्या उसात घुसला. मी पोचलो तेव्हा ट्रॉली तिथंच होती. लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हातानं बाजूला केलं, तर खाली लाल दिवा होता. चालू होता! झाकलेला होता फक्त.

आता मला सांगा, यात कुठलं मोठं तंत्रज्ञान लागतं? आमचा ऊस कारखान्यावर गेला की किती टन भरला याचा मेसेज मला घरी बसून येतो. ट्रॉलीचा नंबर नोंदलेला, गेटवर टोकन, वजनकाटा कॉम्प्युटरवर, भरलेली किती नि रिकामी किती, किलोचा हिशेब. मग त्याच काट्यावर ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा एक फोटो काढा ना. लाल रिफ्लेक्टर पट्टी दिसली नाही, दिवा पेटला नाही, तर पुढच्या खेपेला टोकन नाही. संपला विषय. पैशाचं वजन मोजायला कॉम्प्युटर आहे, माणसासाठी बाभळीची फांदी. संताप येतो हो.

कॅमेऱ्यांमुळं लोक सिग्नलला थांबायला लागले, हे मान्य. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून वेग आणि लेन पकडणारे कॅमेरे लागलेत, तेही चांगलंच. पण आमच्या रहिमतपूर रोडला लेन कुठली आणि काय कुठलं? तिथं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर कानठळ्या बसवणारा डेक, मागून हॉर्न दिला तर ड्रायव्हरला ऐकू येत नाही. दंडाचा कॅमेरा शहरात, आणि माणसं मरतात अंधारातल्या रस्त्यावर.

माहिती गोळा होत नाही असंही नाही. पोलिसांकडं आयरॅड नावाचं ॲप आहे, मद्रास आयआयटी आणि एनआयसीनं केलेलं. अपघाताच्या जागेवरूनच ठिकाण, फोटो, रस्ता कसा होता, सगळं त्यात भरतात. नागपुरात २०२१ला आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसेसना असे कॅमेरे बसवले, की टक्कर होण्याआधीच ड्रायव्हरला इशारा मिळतो. शिवाय असे इशारे कुठं सारखे सारखे मिळतात, तेही नोंदलं जातं. म्हणजे अपघात व्हायच्या आधीच जागा कळते! नागपूरला जमतं ते आपल्याला का नको? आपण काय कमी टॅक्स भरतो?

त्या रात्रीचं अजून एक सांगतो. रुग्णवाहिकेला फोन लावला तर पलीकडून एकच प्रश्न, गाव कुठलं? दोन्ही बाजूला ऊस, मिट्ट अंधार, गाव कुठलं सांगणार? एका टेम्पोवाल्यानं मोबाईलच्या टॉर्चवर किलोमीटरचा दगड शोधला आणि आकडा वाचून दाखवला. ज्या मोबाईलच्या उजेडात दगड शोधत होतो, त्याच मोबाईलला आम्ही कुठं आहोत ते बरोबर माहीत होतं. शेवटी दादाला त्या टेम्पोवाल्यानंच आणलं. बाकीचे चौघं-पाचजण लांबून व्हिडिओ काढत होते, पोलिसांची झंझट नको म्हणून. अरे, २०१९ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. मदत करणाऱ्यावर नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. हे तेवढं प्रत्येकानं घरात सांगा.

ट्रॅक्टरवाला गरीब, आगाऊ उचल घेऊन राबणारा, हेही मान्य. मी त्या ड्रायव्हरवर लई दिवस राग धरून होतो. दादानं मात्र कधी धरला नाही. उजव्या पायात रॉड आहे, जिना चढताना अजून कठड्याला धरतो, पण म्हणतो, "त्यानं फांदी तरी ठेवली होती रे. त्याच्याकडं होतं तेवढं त्यानं केलं." त्याचं हे बोलणं आठवलं की माझा आवाज खाली येतो. दादा म्हणतो ते खरंच आहे. पट्टी आणि दिवा बघायचं काम त्या ड्रायव्हरच्या एकट्याच्या गळ्यात का? गाडी ज्याच्या गेटातून आत जाते, त्यानं बघावं.

कारखान्याचा बॉयलर पेटायला आता थोडेच दिवस आहेत. मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आधी कारखान्यावर निवेदन द्यायचं ठरवलंय, काट्यावर फोटो आणि पट्टीशिवाय टोकन नाही, एवढ्या दोनच मागण्या. दादा येणार आहे. ज्यांचा ऊस जातो त्यांनी मागच्या वर्षीची काट्याची पावती घेऊन या. कोण कोण येताय तेवढं खाली लिहा, म्हणजे गाडीची सोय करता येईल.