बिकॉज लावू की सिन्स?

आमच्या इंदूरला रंगपंचमीची सुट्टी असते, दुसऱ्या दिवशीची नसते, आणि सगळी गोची तिथेच आहे. टोरी कॉर्नरची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, राजवाड्यावर पोचेपर्यंत टँकरचं रंगीत पाणी अंगावर घेत नाचलेलं पोरगं रात्री तापाने फणफणणारच ना. मग वहिनी मोबाइल घेऊन हजर. "भाऊजी, हा आज शाळेत का येत नाही ते मॅडमना इंग्लिशमधे दोन ओळी टाका ना, पण गेरचं फार नजरेत यायला नको हं."

मी टाइप केलं, सिन्स ही वेंट टु द गेर, ही हॅज हॅड फीवर. आता यात गेरमुळे ताप की गेरपासून ताप, दोन्ही निघतं. बरं, अ‍ॅज लावून बघू: अ‍ॅज ही वॉज डान्सिंग अ‍ॅट राजवाडा, ही फेल इल. हे वाचून पोरगं नाचता नाचताच आडवं झालं असं वाटतं, मॅडम घाबरून फोन करतील. फॉर तर सोडाच, तो वाक्याच्या सुरुवातीला बसत नाही आणि मधे बसवला, ही कॅनॉट कम, फॉर ही इज इल, की पत्र रेसिडेन्सीतल्या गोऱ्या साहेबाने लिहिल्यासारखं दिसतं.

राहिला बिकॉज. सरळ आहे बिचारा, पण एक नंबरचा चुगलखोर. सिन्स आणि अ‍ॅज कसे, कारण तुम्हाला ठाऊकच आहे असं धरून सुरुवातीलाच उरकतात आणि पुढे सरकतात, हा मात्र 'का आला नाही?'चं उत्तर वाक्याच्या शेवटी सगळ्यांना दिसेल असं मांडून ठेवतो, आणि वहिनींना नेमकं तेच नकोय.

"मग नॉट घाला ना," वहिनी म्हणाल्या. घातला. ही डिड नॉट मिस स्कूल बिकॉज ऑफ द गेर. म्हणजे शाळा बुडली पण कारण वेगळं, की गेर होती म्हणून शाळा बुडवलीच नाही? बुडली तर आहे! वहिनी माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी इंग्लिश मीच काढलीय.

आतून दादा ओरडला, "अरे भिया, इस कारण मैं विद्यालय आने में असमर्थ हूँ, ठोक ना सरळ, आपण तर हेच लिहीत आलो." चाललं असतं, पण शाळा इंग्लिश मीडियमची.

तेवढ्यात रजई बाजूला सारून पेशंट उठला, कानामागे अजून हिरवा रंग. "काका, तू काहीही लिही रे. मॅडम पण राजवाड्यावरच होत्या, त्यांनीच तर मला गुलाल लावला."