लांडगा जंगलातून आलेला नाही

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळपट्ट्यात लांडगा दिसला की मेसेज फिरतो : ‘जंगल तुटल्यामुळे लांडगे गावात शिरलेत. त्यांना पकडून अभयारण्यात सोडा, पडीक माळावर झाडं लावा.’ हेतू चांगला असेलही, पण हे उपाय लांडग्याच्या मुळावर येणारे आहेत.

‘जंगलातून आले.’ नाही. आपल्याकडचा लांडगा माळाचाच. काळवीट, चिंकारा, ससा यांच्या मागे धावायला त्याला उघडं रान लागतं.

‘पडीक माळावर झाडं लावा.’ हे सगळ्यांत घातक. सरकारदप्तरी पडीक लिहिलेल्या या जमिनीवर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं वाढतात आणि त्यांवरच काळवीट जगतं. तिथे गिरिपुष्पाची दाट लागवड केली की सावलीत गवत मरतं, काळवीट निघून जातं आणि लांडग्याला मेंढरांशिवाय काही उरत नाही. मादी बहुधा हिवाळ्यात विते. लागवडीचे चर खणायला तेव्हा जेसीबी आला, तर ओढ्याच्या दरडीतली बिळं पिल्लांसकट ढासळतात. पहिले दहा-बारा दिवस पिल्लांचे डोळेही उघडलेले नसतात.

‘पकडून सोडा.’ नर-मादीची जोडी उचलली की मागे पिल्लं उपाशी मरतात. वाघ-बिबट्यांच्या दाट जंगलात माळाचा लांडगा टिकणं अवघड. इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरे लांडगे येतात, मेंढपाळाचा प्रश्न तिथेच राहतो.

मेंढपाळाचं नुकसान मात्र खरं आहे, आणि ते कमी करता येतं. वाघरीची, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीची, खालची कड खुंट्यांनी जमिनीला घट्ट बांधा. ती सैल राहिली की लांडगा तिथूनच शिरतो. कोकरं मधोमध डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) ठेवा. मेंढरू मारलं गेलं तर ते न हलवता फोटो काढा आणि लगेच वनरक्षकाला कळवा. पंचनाम्याआधी पुरलं तर भरपाई अडकते. मेलेल्या मेंढरावर विष टाकणं हा गुन्हा आहे. त्यात तरस, खोकड आणि मेंढपाळांच्या वाड्यावरची राखणीची कुत्रीही मरतात.

मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही तो धोका भटक्या कुत्र्यांचा. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकल्या की कुत्री आणि लांडगे एकाच ढिगावर येतात. तिथून डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) आणि रेबीज पसरतो. दोघांचा संकरही होतो. पुण्याजवळ तो जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. म्हणून कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी करून घ्या. आणि लांडगा किंवा कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुऊन थेट सरकारी दवाखाना गाठा. कातडी फाटली किंवा रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, ते मागून घ्या.