भूत दिसलं नाही, आई मागे राहिल्या: यॉर्कच्या पब-फेरीवरच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात आम्ही भुतांच्या गोष्टी सांगत पबमधून जी फेरी काढतो, तिला तुम्ही दोन तारे दिलेत आणि लिहिलंत की भूत दिसलं नाही, चारपैकी एका पबमध्ये शिरताच आलं नाही, ट्रेझरर्स हाउस या जुन्या घराची गोष्ट बाहेर गल्लीत उभं राहून ऐकावी लागली, आणि गाइड इतका भरभर चालला की तुमच्या आई सतत मागे राहिल्या.

आधी आईंबद्दल. त्यांची माफी मागतो. शॅम्बल्स या जुन्या अरुंद गल्लीच्या आसपासचे फरसबंदीचे दगड पावसात बुळबुळीत होतात, त्यात गुडघे दुखत असताना कुणाला ओढत नेणं ही चूकच. गाइडला मी दोष देणार नाही. दोन तासांत चार पब मीच बसवले होते, एका ठिकाणी वेळ गेला की तो पुढे धावूनच भरून काढावा लागे. आता फेरीत तीनच पब आहेत आणि आमचा एक माणूस सगळ्यात शेवटी, मागे राहिलेल्यांबरोबर चालतो.

ज्या पबच्या दारातून परत फिरावं लागलं तिथे त्या संध्याकाळी खासगी पार्टी होती. दुपारी एक फोन केला असता तर आधीच कळलं असतं. तो आम्ही केला नाही. तुमच्या तिघांच्या तिकिटाचा चौथा हिस्सा परत पाठवला आहे.

भुताबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ‘निदान कुणाला तरी पांढरी चादर पांघरून उभं करायचं,’ असं तुम्ही सुचवलंत. ते आम्ही कधीच करणार नाही. ट्रेझरर्स हाउसचीच गोष्ट घ्या. 1953 साली हॅरी मार्टिनडेल नावाचा शिकाऊ कामगार तिथल्या तळघरात हीटिंगचं काम करत होता. आधी तुतारीचा आवाज आला, मग भिंतीतून रोमन सैनिक बाहेर पडून चालत गेले, असं त्याने सांगितलं. ते त्याला गुडघ्यापासून वरच दिसत होते. जिथे खोदून जुना रोमन रस्ता उघडा केला होता तिथे आल्यावर त्यांचे पायही दिसले. तळघराच्या जमिनीवरून नाही, तिच्याखालच्या रस्त्यावरून ते चालत होते! पुढे तो पोलिसात भरती झाला आणि ही हकीकत कित्येक वर्षं त्याने जाहीरपणे सांगितलीच नाही. मी ती शेकडो वेळा सांगितली असेल, पण पायांपाशी आलो की अजूनही माझा आवाज बारीक होतो. तिथे चादरवाला माणूस उडी मारून आला तर गोष्टच मरेल. ते घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचं आहे, आमच्या फेरीच्या वेळी बंद असतं, म्हणून भिंतीशेजारच्या गल्लीत थांबतो. हे आधी सांगायला हवं होतं.

एका बाबतीत तुम्ही आमच्या गाइडला बरोबर पकडलंत. स्टोनगेटवरच्या ‘ये ओल्ड स्टार इन’मध्ये त्याने सांगितलं की सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांना तळघरात आणलं होतं आणि त्यांच्या किंकाळ्या अजून ऐकू येतात. तुम्ही विचारलंत, पुरावा काय? तो हसून पुढे गेला. हे मला खटकलं. त्या युद्धातली मार्स्टन मूरची लढाई 2 जुलै 1644 रोजी शहराच्या पश्चिमेला झाली, हा इतिहास. किंकाळ्या ही पबची परंपरेने चालत आलेली कथा. 1605 साली इंग्लंडची संसद उडवून देण्याच्या कटातल्या गाय फॉक्सचंही तसंच: 1570 मध्ये इथल्या सेंट मायकल ल बेलफ्री चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे, पण त्याच्या नावाच्या पबच्या जागीच तो जन्मला हा त्या पबचा दावा आहे. नोंद कुठे संपते आणि दंतकथा कुठे सुरू होते, ते सांगूनच गोष्ट रंगवायची, असं मी सगळ्या गाइडना बजावलं आहे.

तिकिटात पेय का नाही, असंही तुम्ही विचारलंत. दारू विकण्याचा परवाना पबकडे असतो, आमच्याकडे नाही. तिथे काउंटरवर जाऊन ज्याने त्याने आपलं घ्यायचं. न पिणाऱ्यांनी ज्यूस घेतला तरी चालतं. बुकिंगच्या पानावर हे आता ठळक लिहिलं आहे.

आईंना पुन्हा यायची इच्छा असेल तर मला कळवा. त्या दिवशी मी स्वतः गाइड असेन आणि आपण त्यांच्या चालीने जाऊ. तिघांचंही तिकीट लागणार नाही. ‘गोल्डन फ्लीस’ या पबमध्ये त्यांना बसायला जागा राखून ठेवायला मी आधीच सांगेन. तिथे फिरते असं म्हणतात त्या लेडी पेकेटच्या भुताची गोष्ट त्या दिवशी घाईत राहून गेली, ती मला त्यांना नीट सांगायची आहे.