‘एक बगेट घ्या’ म्हणजे नेमके काय घ्या?

व्हिएतनामी पोर्क सँडविचची कोणतीही पाककृती उघडा. साहित्याची यादी सतरा-अठरा ओळींची असते. पोर्क अर्धा किलो, गवती चहाच्या चार काड्या, लसणाच्या आठ पाकळ्या, फिश सॉस तीन चमचे, साखर दोन चमचे, मिरी पाव चमचा, असा प्रत्येक जिन्नस सोन्याच्या काट्यावर तोलल्यासारखा दिलेला असतो. सर्वांत शेवटी, जणू कोणाला तरी ऐनवेळी आठवले म्हणून, एक ओळ येते : ‘बगेट, चार’. एवढेच. बगेट म्हणजे फ्रेंच पद्धतीचा लांब, कडक कवचाचा पाव. पण ते कोणते, कोठून आणायचे, न मिळाल्यास कसे करायचे, याबद्दल एक अक्षर नाही. ज्या पदार्थाचे नावच मुळी ‘पाव’ आहे, त्याच्या पाककृतीत पावाला अर्धी ओळ मिळावी, हा प्रकार मला आता सहन होईनासा झाला आहे.

होय, नावच पाव आहे. ‘बान्ह मी’ या शब्दांत पोर्क कोठेच नाही. ‘बान्ह’ म्हणजे पिठाचा पदार्थ आणि ‘मी’ म्हणजे गहू. आत काही न भरलेला नुसता पाव हवा असेल तर व्हिएतनामी माणूस ‘बान्ह मी खोंग’ म्हणतो, म्हणजे रिकामा पाव. सारण हा तिथे नंतर जोडला जाणारा मजकूर आहे. सायगावात, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह शहरात, पाव विकत फिरणाऱ्यांची आरोळीसुद्धा ‘नॉंग यॉन’ अशी असते, म्हणजे गरम आणि कुरकुरीत. आत काय भरले आहे याची जाहिरात तो माणूस करीत नाही, कारण गिऱ्हाईक कशासाठी थांबते हे त्याला पक्के ठाऊक असते. ठाऊक नाही ते फक्त पाककृती लिहिणाऱ्यांना.

कोणाला वाटेल की बाकीचे जमत नसल्यामुळे मी पावावर राग काढतो आहे, म्हणून आधीच सांगतो. आम्ही वसईचे. आमच्या घरात डुकराचे मटण शिजणे ही नवलाई नाही. खांद्याचा, चरबीची नस असलेला तुकडा कसा मागायचा आणि खाटकाने त्यात हाडे सरकवली तर ती परत कशी करायची, हे मी आईचे बोट धरून शिकलो आहे. परसात केळी आहेत, त्यामुळे ‘चा लुआ’ नावाचे ते वाफवलेले पोर्कचे मुटके गुंडाळायला पानांची कमतरता नाही. त्या मुटक्यांचे वाटण बर्फासारखे गार ठेवावे लागते, नाहीतर मिक्सरच्या उष्णतेने चरबी सुटून सगळा रवाळ गोळा होतो. तेही दोनदा फसल्यावर जमले. गवती चहाचे बेट विहिरीपाशी आहे. बाजारात त्याची नुसती हिरवी पाती मिळतात, कारण आपल्याला ती चहात टाकायची असतात, आणि व्हिएतनामी लोकांना हवा असतो तो मुळाजवळचा पांढरा, रसाळ दांडा भाजीवाली कापून फेकून देते. माझ्याकडे तो दांडा आहे. कोळशाची शेगडी आहे. मुळा आणि गाजर किसून नव्हे तर काड्या कापून, मीठ लावून, पिळून, साखर घातलेल्या व्हिनेगरात घालण्याचे काम तर शाळकरी मूलही करील. बाजारातील मेयोनेज बहुतेक बिनअंड्याचे आणि बासुंदीइतके गोड असते, म्हणून अंड्याच्या पिवळ्या बलकात थेंबथेंब तेल घालून मी तेही घरी फेटले. कलेजीचे ‘पाते’, म्हणजे शिजवून वाटलेला मऊ लगदा, झाले, काकडी झाली, कोथिंबीर झाली, मिरची झाली. वऱ्हाड सगळे जमले, आणि नवरदेवाचा पत्ता नाही.

हा पाव म्हणजे फ्रेंच बगेट नव्हे, ही पहिली गोष्ट कोणी सांगत नाही. फ्रेंचांनी 1859 मध्ये सायगाव घेतले, त्यांच्याबरोबर गव्हाचा पावही आला, आणि गहू न पिकणाऱ्या त्या उष्ण, दमट देशात तो बराच काळ साहेबाचा, महागाचा जिन्नस राहिला. व्हिएतनामी हातांनी पुढे त्याचे जे केले, ते मुळापासून वेगळे आहे. तो आखूड झाला, हलका झाला, त्याचे कवच कागदासारखे पातळ झाले आणि आतला भाग कापसासारखा झाला. 1954 मध्ये व्हिएतनामची उत्तर-दक्षिण फाळणी झाल्यावर उत्तरेकडून सायगावात आलेल्या एका जोडप्याने 1958 मध्ये ‘होआ मा’ नावाचे दुकान काढले. तोपर्यंत पाव, मांस आणि पाते असे बशीत वेगवेगळे मांडून बसून खायची पद्धत होती. कामावर निघालेल्या लोकांना बसायला वेळ नसे, म्हणून या दुकानाने सारे पावातच भरून हातात द्यायला सुरुवात केली. आज आपण ज्याला सँडविच म्हणतो ते असे चालता चालता खाण्यासाठी घडले आहे, आणि चालता चालता खाता येते ते केवळ त्या पावामुळे.

माझ्या संतापाचे सारे कारण त्या पातळ कवचात आहे. सायगावात गाडीवर उभे राहून मी ते खाल्ले, तेव्हा दात टेकताच पापुद्रा काचेसारखा फुटला, आतला कापूस दबला, त्याने मांसाचा रस आणि लोणच्याचे पाणी शोषून घेतले, आणि शर्टावर कण सोडून दुसरे काहीही पडले नाही. आता हेच सारण मुंबईतल्या एखाद्या झकपक बेकरीतून आणलेल्या बगेटमध्ये भरा. ते बगेट युरोपी पद्धतीचे असते, त्याचे कवच जाड आणि चिवट असते. चावायला जावे तर दात आत शिरण्याआधी टाळू सोलवटते, आणि दाबामुळे मागच्या बाजूने पोर्क, काकडी आणि तासभर राबून केलेले मेयोनेज थेट मांडीवर येते. हॉटडॉगचा मऊ पाव घ्यावा तर तो गोड असतो आणि दोन मिनिटांत व्हिनेगर पिऊन लापशी होतो. ब्रुन पाव घ्यावा तर तो कडक असतो खरा, पण तो इराण्याच्या चहात बुडवण्यासाठी जन्माला आलेला आहे. कोरडा आणि पोकळ राहण्याऐवजी तो आतून घट्ट असतो, आणि गोल असल्यामुळे त्यात लांब काप बसतही नाहीत.

यावर पाककृतीत तोडगा दिलेला असतो. ‘बगेट उपलब्ध नसल्यास कोणताही पाव चालेल.’ या ‘चालेल’ शब्दाची मला चीड आहे. कोणाला चालेल? पाव नसेल तर पोळीत गुंडाळलेला वडाही वडापाव म्हणून चालेल, असे कोणी लिहिले तर दादरच्या स्थानकाबाहेर दंगल होईल. मग व्हिएतनामच्या बाबतीत ब्राउन ब्रेडच्या दोन चकत्या ‘चालेल’ असे लिहिताना हात का थरथरत नाही? एका चित्रफितीतील बाईंनी तर तव्यावर लोणी लावून भाजलेल्या चौकोनी स्लाइसमध्ये हे सारण भरले, वर चीज किसले, आणि ‘पंधरा मिनिटांत तयार’ असे सांगून हसऱ्या चेहऱ्याने निरोप घेतला. मांस मुरवायलाच दोन तास लागतात, बाई.

अखेर पाव घरी करायचे ठरवले, आणि मग बुडत्याचा पाय खोलात गेला. गेल्या पावसाळ्यापासून अकरा वेळा केला आहे. अकराही वेळा जे बाहेर आले ते खाण्याजोगे होते, पण बान्ह मी नव्हते.

पहिला घोळ तांदळाच्या पिठाचा. पातळ कवचाचे रहस्य म्हणजे मैद्यात मिसळलेले तांदळाचे पीठ, असे निम्म्या पाककृती छातीठोकपणे सांगतात. तांदळात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसते, आणि पाव फुगतो तो ग्लुटेनच्या जाळ्यात वायू अडकतो म्हणून. आपला किराणा दुकानातील मैदा मुळातच पावासाठी दळलेला नसतो, त्यात पुन्हा तांदळाचे पीठ घातल्यावर जाळे आणखी विरते आणि पाव बसतो. माझा तर असा बसला की आईने तो हातात घेऊन, उंबऱ्याशी दार अडवायला ठेवू का, असे विचारले.

दुसरा घोळ क जीवनसत्त्वाचा. व्यावसायिक बेकऱ्या पिठात जे ‘इम्प्रूव्हर’ घालतात त्यात ॲस्कॉर्बिक आम्ल असते. त्याने ग्लुटेन बळकट होते आणि तेवढ्याच पिठातून मोठा, हलका पाव निघतो. ही गोष्ट खरी आहे, आणि ती पाककृतींत नसल्यामुळे मला स्वतःला शोधावी लागली. हे आम्ल किलोभर मैद्याला चिमटीच्याही अंशाने लागते. औषधाच्या दुकानात क जीवनसत्त्व म्हणून ज्या गोळ्या मिळाल्या त्या चघळायच्या, नारंगी रंगाच्या आणि संत्र्याच्या वासाच्या होत्या. मी एक कुटून घातली. पाव फुगला, नाही असे नाही, पण त्याला फिकट केशरी झाक आली आणि फिश सॉसमध्ये मुरलेल्या पोर्कबरोबर तो संत्र्याच्या गोळीसारखा लागू लागला. घरातील लहान मंडळींना मात्र तोच आवडला, हे आणखी एक दुःख.

तिसरा आणि खरा घोळ वाफेचा आहे, आणि इथे पाककृती लिहिणारे उघड उघड फसवतात. पाव भट्टीत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत भरपूर वाफ हवी असते. ती गार पिठावर जमते, वरचा थर ओला आणि लवचीक ठेवते, त्यामुळे पाव पूर्ण ताणला जाईपर्यंत कवच धरत नाही. मग वाफ सोडून द्यायची, म्हणजे तो ताणलेला थर झटपट वाळतो आणि पातळ, चकचकीत पापुद्रा तयार होतो. व्हिएतनामी बेकरीच्या भट्टीला वाफ सोडण्याची सोय असते. माझ्या ओट्यावरच्या ओटीजीला, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीला, काय असते? दाराभोवती बोटभर फट असते. ‘खालच्या ट्रेमध्ये उकळते पाणी ठेवा’ असे लिहिलेले असते. ठेवले. सगळी वाफ फटीतून बाहेर आली, स्वयंपाकघराच्या खिडकीवर जमली, आणि पाव आत कोरडा ठणठणीत राहिला. तबकडी 250 अंशांवर फिरवली होती. आत थर्मामीटर ठेवला तेव्हा तो 210 च्या पुढे जाईना. आच कमी म्हणून पाव जास्त वेळ ठेवावा लागतो, आणि जितका जास्त वेळ, तितके कवच जाड. म्हणजे जे टाळण्यासाठी हा सारा खटाटोप, तेच ओटीजी इमानाने करून देते. सातव्या खेपेला मी एका सूचनेबरहुकूम लोखंडी तवा तळाशी तापवला आणि त्यावर पेलाभर पाणी ओतले. वाफ उठली, दाराच्या तापलेल्या काचेवर पाणी उडाले आणि काचेला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला. काच बदलण्याचा जो खर्च सांगण्यात आला, त्यात शंभरेक पाव सहज आले असते.

चौथी गोष्ट हवेची. समजा एखादा पाव बरा निघाला, तरी कवच वाजते ते पहिले तासभर. आतला ओलावा बाहेर सरकतो, वर आमची खाडीकाठची हवा, आणि तासाभरात पापुद्र्याचे कातडे होते. व्हिएतनामची हवा काही कोरडी नाही. पण तिथे पाव दिवसातून अनेकदा भाजून गाड्यांवर येतो आणि भरण्यापूर्वी गाडीवाली तो निखाऱ्यावर पुन्हा धरते. म्हणजे तो पाव तिनेही घरी केलेला नसतो. या साऱ्या पाककृती ज्याला ‘घरच्या घरी’ म्हणतात, तो पदार्थ व्हिएतनामातही बेकरीत आणि गाडीवर होतो. 1975 नंतर देश सोडून गेलेले व्हिएतनामी लोक ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत जिथे वसले, तिथे त्यांनी बेकऱ्या थाटल्या. शेजारच्या दुकानातले बगेट ‘चालेल’ म्हणून ते गप्प बसले नाहीत.

शेवटचा उपाय म्हणून मी गावातल्या बेकरीत गेलो. लाकडाची भट्टी आहे, तीन पिढ्यांचा हात आहे, सकाळी सायकलवरून पाव त्यांचाच येतो. मालकांना फोनवरचे चित्र दाखवले. त्यांनी ते मोठे करून, बाजूने, उलटे करून नीट पाहिले आणि हे जमेल असे सांगितले. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी किती नग हवेत असे विचारले. मी आठ म्हणालो. त्यांनी फोन परत दिला. दोनशेच्या खाली वेगळे पीठ मळणे परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि या संपूर्ण प्रकरणात खरे बोललेला तो एकटाच माणूस आहे.

गेल्या रविवारी अकरावा पाव फसल्यावर आईने ते निखाऱ्यावर भाजलेले पोर्क, लोणचे आणि कोथिंबीर तांदळाच्या गरम भाकरीवर घेतले आणि शांतपणे जेवून टाकले. फार छान झाले आहे, म्हणाली. छान झालेच होते, पण प्रश्न तो नव्हता. पावाच्या चुऱ्याने तीन बरण्या भरल्या आहेत आणि येत्या नाताळापर्यंतच्या कटलेटांची सोय झाली आहे. यीस्टचे मोठे पाकीट मात्र फोडलेले आहे, ते फ्रीजमध्येही फार दिवस टिकत नाही, म्हणून शनिवारी रात्री पुन्हा पीठ भिजवावे लागणार.