तात्या, शाफ्टचं कव्हर परत चढवा

आठवडाभर आमच्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. म्हणणं असं: पावसाळा सरला की वस्तीकडं जाणाऱ्या खडीच्या वाटेवर गवत माजतं, त्याला माणसं लावू नका. उसाचं पाचट बारीक करणारं कुट्टी यंत्र ट्रॅक्टरला जोडा, पार जमिनीला टेकवा आणि पळवा. बोल्ट सारखा तुटतोय? कडक घाला, मऊ बोल्ट हा कंपन्यांचा पार्ट खपवायचा धंदा आहे. पीटीओ शाफ्टचं, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्याचं, प्लास्टिक कव्हर काढून टाका, ग्रीस मारायला बरं. आणि शेवटी पुरावा म्हणून परदेशातली क्लिप: ट्रॅक्टरमागचं यंत्र खडीच्या वाटेवरचा बर्फ उडवत चाललंय. ‘गोऱ्यांना जमतं, मग आपल्याला का नाही?’

फिरू दे म्हणून सोडून दिलं असतं. पण रविवारी मळ्यात गेलो, तर आमच्या तात्यांनी कव्हर काढून गोठ्याच्या वळचणीला टांगलेलं, आणि उद्यमनगरातनं कडक बोल्ट आणून बसवलेला. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा, वर नवीन बोल्टाचं तेल अजून तसंच.

बर्फाचं आधी उरकतो. त्या यंत्राला दोन्ही बाजूंना खाली लोखंडी पाय असतात. खडीवर चालवणारा ते पाय खाली सोडतो आणि यंत्राची कड इंच-दीड इंच वर ठेवतो. कित्येकजण तर हंगामातला पहिला बर्फ काढतच नाहीत. गाडीच्या चाकांनी दाबून घेतात, तो गोठला की खडी त्याच्याखाली धरून राहते. एवढं करूनही खडा उडतोच, म्हणून बर्फ फेकणारं तोंड घराकडं किंवा माणसाकडं वळवत नाहीत. आणि हो, त्या यंत्रालाही मऊ शेअर बोल्टच, म्हणजे जोर जास्त पडला की आधी तुटणारा बोल्टच असतो. साक्षीदार म्हणून ज्याला उभं केलं, तोच उलटला की हो!

आता आपलं यंत्र. रोटरचे, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याचे, मिनिटाला २००० फेरे आणि पात्याच्या टोकाचा व्यास दीड फूट धरला, तर टोक ताशी १७० किलोमीटरच्या आसपास पळतं. त्याच्या वाटेत खडी आली की काय होतं ते आमच्या गोठ्याच्या पत्र्याला विचारा. लिंबाएवढं भोक आहे, कडा आत वळलेल्या. म्हैस त्या वेळी पाण्याला गेली होती, एवढंच नशीब.

बोल्टाचं म्हणाल तर तो तुटण्यासाठीच असतो. आमच्या यंत्राची माहितीपुस्तिका माळ्यावर पिशवीतनं बाहेरच आली नव्हती, ती काढून वाचली. त्यात ४.६चा बोल्ट सांगितलाय. ४.६ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण ४० किलोचा ताण सोसणारा, ८.८चा सोसतो ८०. दगड अडकला की जे चार चहाच्या पैशांत तुटायचं, ते आता तुटणार नाही. मग तुटणार गिअरबॉक्स. तुमच्या यंत्राला वेगळा आकडा असेल, तर तो पुस्तिकेतच बघा, व्हिडिओत नको.

पण खरा संताप आहे तो कव्हरचा. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. नुसत्या नळीचा घेर सहा इंच धरला तरी सेकंदाला साडेचार फूट कापड गुंडाळलं जातं. सांध्यापाशी घेर फूटभर, तिथं नऊ फूट. तात्यांच्या खांद्यावरचा टॉवेल पाच फुटी. ‘अगं आई’ म्हणायच्या आत तो संपतो आणि पुढं गळा येतो. पाचट ओढायला बायका येतात, त्यांच्या पदराचं तर बोलायलाच नको. मळणी यंत्रात लोकांचे हात जायला लागले म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला होता, आणि आपण आहे ते कव्हर स्वतःच्या हातानं काढतोय!

एक कबूल करतो, नाइलाजानं. कव्हर शाफ्टबरोबर फिरतं ही तक्रार खोटी नाही. कव्हरला एक बारकी साखळी असते, ती ट्रॅक्टरला अडकवली की कव्हर थांबून राहतं. ती तुटली, आतली कडी सुकली, की कव्हर गरगर फिरतं आणि उपयोग शून्य. ग्रीस मारायलाही त्रास होतो, मान्य. त्यावर उपाय म्हणजे साखळी बदलणं आणि ट्रॅक्टर बंद करून, चावी काढून ग्रीस मारणं.

गवत यंत्रानं झटक्यात जातं, हेही खरंच. शेतात जातं. वाटेवरचं विळ्यानं काढा, नाहीतर दोरीवाला ग्रास कटर लावा, तोही चष्मा लावून.

तात्या, ८.८चा बोल्ट मी काढून घेतलाय. ४.६चे सहा आणलेत, सीटखालच्या डब्यात आहेत. साखळी उद्या मिळेल. तोवर चावी माझ्या खिशात.