फुटपाथ हिरवागार करण्याचे सोपे उपाय

बंगल्याच्या भिंतीबाहेर फुटपाथ असतो आणि त्यावरून माणसं चालतात, ही अडचण आपली सगळ्यांचीच. उपाय एकच, बोगनवेल.

रोप भिंतीपासून तीन फूट आत अजिबात लावू नका. सहा इंचांवर लावा. आत घराची सावली, बाहेर लख्ख ऊन. वेल आपोआप रस्त्यावर जाते.

आधाराला तार बांधू नका. उगाच खर्च.

आता छाटणी. मे संपता संपता, पावसाच्या आधी करा, असं माळीकाका सांगतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा. अगदीच राहवलं नाही तर नुसते शेंडे खुडा. शेंडा गेला की खालच्या डोळ्यांतून दोन-तीन फुटवे निघतात आणि जुलैपर्यंत तिथे काटेरी झाडू तयार होतो. पानं भिजली की फांदी जड होऊन आणखी वाकते, नेमकी चालणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत. परवा एक छत्री फाटली, ती माझी. अहो, बोगनवेलीला फुलं नव्या फुटीवर येतात! लांब सोटे बुडाशी कापून उरलेली वेल आतल्या बाजूला वळवली असती, तर तुमचंच अंगण फुललं असतं. पण नाही, फुलं आम्हाला आणि काटेही आम्हालाच.

रस्त्यावरचा दिवा झाकला गेला तर उत्तम, चोरांचीही सोय बघायला हवी.

कोणी तक्रार केलीच तर 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा तोंडावर फेका. आंब्याची फांदी उतरवायला वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, हे खरंच आहे. मेंदीच्या कुंपणाला कात्री लावायला कसला अर्ज?

पुरे झालं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमावलीप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच मोकळी जागा लागते. तुमच्या भिंतीपाशी त्यातली किती उरलीय? काठी टेकत चालणाऱ्या आजी रस्त्यावर उतरतात आणि मागून बस येते, ती तुमच्या हौसेपायी. चामड्याचे हातमोजे घाला, बाहेर आलेला प्रत्येक सोटा भिंतीच्या फूटभर आतून कापा. दर पावसाळ्यात दोनदा तरी. आणि कापलेले काटे त्याच फुटपाथवर ढकलून गेट लावून घेऊ नका, जरा तरी लाज बाळगा.